फलाटावर कुणी एकटंच उभं दिसलं तर काय करायचं: लोकलच्या नव्या प्रवाशांसाठी

मुंबईत नवीन आलात की लोकलचं ज्ञान फुकट मिळतं. चौथी सीट म्हणजे अर्धी सीट, बॅग पाठीवर नाही पोटावर घ्यायची, विरार फास्टमध्ये अंधेरीला उतरायच्या हिशोबाने चढायचं नाही, उतरायचं असेल तर एक स्टेशन आधीपासून पुढे सरकायला लागायचं, हे सगळं पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी सांगतंच. पण फलाटावर एखादा माणूस बघून आपल्या पोटात गलबललं, याचं काहीतरी बरं नाहीये, हा जीव द्यायच्या विचारात तर नाही ना असं वाटलं, तर नेमकं काय करायचं हे मला १९ वर्षं डोंबिवलीहून ये-जा करताना कुणीच सांगितलं नव्हतं. मग एकदा वेळ आली, त्यानंतर ऑफिसतर्फे एक दिवसाचं गेटकीपर ट्रेनिंग केलं (म्हणजे संकटातला माणूस ओळखणं, त्याच्याशी बोलणं आणि योग्य ठिकाणी पोचवणं एवढंच, रेल्वे फाटकाशी संबंध नाही, माझा पण तोच गैरसमज झाला होता), आणि तेव्हापासून नवीन कुणी आमच्या ग्रुपमध्ये आलं की त्याला मी हे सांगतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही. रोजचा पासवाला आहे.

आधी एक. हे तुम्ही दुसऱ्यासाठी वाचत नसाल, स्वतःच्याच डोक्यात असं काही चालू असेल, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ लावा. टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आत्ता स्टेशनवर असाल तर फलाटाच्या कडेपासून मागे या आणि पहिला जो माणूस दिसेल, चहावाला, पोलीस, शेजारची मावशी, कुणीही, त्याला एवढंच म्हणा की "मला बरं वाटत नाहीये, जरा थांबता का माझ्याजवळ". कारण सांगायची गरज नाही. मुंबईत लोक घाईत असतात पण असं विचारल्यावर कुणी सोडून जात नाही, हे मी पाहिलंय.

आता बाकीच्यांसाठी.

पायरी १: घरून निघायच्या आधीची तयारी, पाच मिनिटांची

फोनमध्ये नंबर सेव्ह करा, ऐनवेळी गुगल करत बसायला हात चालत नाहीत. १३९ रेल्वेची हेल्पलाईन, आधी सुरक्षेसाठी १८२ वेगळा होता तो आता यातच आलाय. १५१२ लोहमार्ग पोलिसांचा. ११२ सगळ्या प्रकारच्या इमर्जन्सीचा. १४४१६ वर सांगितलाच. आणि १०९८, कारण स्टेशनवर घरातून पळून आलेली पोरं पण असतात आणि त्यांच्यासाठी हा वेगळा नंबर आहे.

आणि वर्दीतला फरक समजून घ्या, नवीन माणसाला सगळे पोलीस एकच वाटतात. आरपीएफ म्हणजे रेल्वेचं स्वतःचं सुरक्षा दल, केंद्राचं. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, महाराष्ट्र पोलिसांचाच भाग. रात्री लेडीज डब्यात दिसतात ते बऱ्याचदा होमगार्ड किंवा एमएसएफचे (महाराष्ट्र सुरक्षा दलाचे) जवान. अशा वेळी कुणाला बोलवायचं हा प्रश्न मनात आणूच नका, जो जवळ दिसेल तो आपला. गाडी थांबवण्यापर्यंत गोष्ट आली तर मात्र कामाचा माणूस स्टेशन मास्तर, कारण कंट्रोलशी त्याची थेट लाईन असते.

पायरी २: बघायला शिका

हा भाग जरा लांब होणार आहे, कारण इथेच सगळी गंमत आहे, म्हणजे गंमत हा शब्द चुकीचा आहे पण कळलं असेल.

परदेशातल्या रेल्वेवाल्यांच्या यादीत खुणा असतात की माणूस एकटा उभा, हरवल्यासारखा, फलाटावर बराच वेळ थांबलाय पण गाडीत चढत नाही. आता मुंबईत हे लावायला गेलात तर अर्धं ठाणे स्टेशन संशयित ठरेल. इथे एकटे सगळेच, हरवलेले सगळेच, आणि तीन-तीन गाड्या सोडणारे तर ढिगाने: कुणी ग्रुपची ठरलेली गाडी पकडणार, कुणी एसीचा पास काढलाय म्हणून एसी लोकलची वाट बघतोय, कुणाला सेमीफास्टच पाहिजे.

मग फरक कसा कळणार? माझा अनुभव सांगतो, शास्त्र नाही. गाडी सोडणारा मुंबईकर इंडिकेटरकडे बघतो. दर दीड मिनिटाला बघतो, शिव्या घालतो, घड्याळ बघतो, परत बघतो. ज्याला कुठेच जायचं नाहीये तो इंडिकेटर बघत नाही. गाडी आली की सगळा फलाट हलतो, लोक सरसावतात, हा माणूस गर्दीच्या विरुद्ध कुठेतरी, जिथे डबा लागतच नाही अशा जागी, आणि अनाउन्समेंट झाली तरी चेहऱ्यावर काही फरक नाही. याच्या जोडीला रडून सुजलेले डोळे, स्वतःशी पुटपुटणं, बाकावरून उठणं बसणं परत उठणं, कधी अगदी उलटं, फारच शांत, दगडासारखं. एका खुणेवरून काही ठरवू नका. दोन-तीन एकत्र दिसल्या आणि आतून वाटलं की काहीतरी चुकतंय, तर ते वाटणं पुरेसं आहे. चुकीचं निघालं तर काय होईल, एखादा म्हणेल "काय ओ काका, आराम करतोय". एवढंच ना.

रुळांवर जो दिसेल तो याच कारणाने गेला असेल असंही समजू नका. मुंबईत रुळांवरचे बहुतेक मृत्यू लाईन क्रॉस करताना आणि गाडीतून पडून होतात. शॉर्टकटवाला वेगळा, त्याला ओरडून वर बोलवायचं असतं. आपण इथे बोलतोय तो माणूस वेगळा आणि त्याच्यावर ओरडून उपयोग नाही.

पायरी ३: एक फालतू प्रश्न विचारा

खरं सांगायचं तर सगळ्या लेखात ही एकच गोष्ट महत्त्वाची आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली समॅरिटन्स नावाची संस्था, नेटवर्क रेल आणि तिथले रेल्वे पोलीस यांनी मिळून मोहीमच काढली, की स्टेशनवर कुणी अडचणीत वाटलं तर त्याच्याशी चार शब्द हवापाण्याचे बोला, विचारांची साखळी तेवढ्याने तुटू शकते. तिकडे बिचाऱ्यांना अनोळखी माणसाशी बोलायला मोहीम लागते. आपल्याकडे तर वाक्य तयारच आहे:

"दादा, ही कल्याण आहे का अंबरनाथ?"

"ताई, कुर्ल्याला थांबते का ही?"

"भाईसाब, ये फास्ट है क्या?"

रोज शंभर वेळा हेच प्रश्न फलाटावर फिरत असतात, त्यामुळे समोरच्याला आपण काही ओळखलंय असं वाटत नाही, तो ओशाळत नाही. उत्तर नाही आलं तर थोडं थांबून दुसरा प्रश्न. किती वाजले. मोबाईलला रेंज आहे का. फार गरम होतंय नाही आज. भाषा त्याची घ्या, मराठी कळत नसेल तर हिंदीत, मोडकी चालेल.

माझ्यावर वेळ आली ती अशी. मध्य रेल्वेवरचं एक स्टेशन, रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले, पावसाने गाड्या लेट. एक पोरगा, विशीतला असेल, कॉलेजची बॅग, तीन गाड्या सोडल्या त्याने आणि तिन्ही वेळा वर बघितलंच नाही. मला वाटत होतं की आपण का उगाच, आणि दुसरीकडे पाय निघेना. शेवटी गेलो आणि विचारलं "ही ठाणा आहे का रे?" इंडिकेटरवर हे एवढं मोठं के लिहिलेलं, कल्याण, लहान पोराला पण दिसेल. तो म्हणाला "हो." मी म्हटलं अरे ही तर कल्याण दिसतेय. त्याने पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाला "सॉरी काका, लक्ष नव्हतं." मग मी काय बोललो ते पण आठवत नाही, चहा घेणार का विचारलं बहुतेक, आणि आम्ही स्टॉलपाशी गेलो. स्टॉलवाला दुकान आवरत होता, त्याने आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत पातेलं ठेवलं. तीन कटिंग झाले. मग कळलं की लोन ॲपवाले, पाच हजार घेतलेले, त्याचे किती झाले ते त्यालाही सांगता येईना, आणि आता त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना घाणेरडे मेसेज जात होते.

पायरी ४: कडेपासून लांब न्या, आणि मग सरळ विचारा

अंगाला हात लावून ओढू नका, जीव तिथल्या तिथे वाचवायचा प्रश्न असेल ती गोष्ट वेगळी. चालत चालत लांब न्या. "चला जरा बसू", "इथे पाऊस लागतोय, शेडखाली येता का", "वडापाव खाऊ". पिवळ्या पट्टीच्या खूप आत, बाकावर किंवा स्टॉलपाशी, जिथे माणसं आहेत. तुम्ही बाई असाल आणि समोर अनोळखी पुरुष असेल, रात्रीची वेळ असेल, तर एकटं जाऊ नका, सोबत अजून एकाला घ्या. पुरुषांनी पण बाईशी बोलताना शेजारच्या एखाद्या मावशींना सामील करून घ्यावं, ते सगळ्यांनाच सोपं पडतं.

मग थोडं बोलणं सुरू झालं की स्पष्ट विचारायचं. "जीव द्यायचा विचार येतोय का मनात?" हे वाक्य उच्चारायला जीभ रेटत नाही, माझी तर अजूनही अडखळते. आपल्याला वाटतं की विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घालू. तसं होत नाही, यावर बरंच संशोधन झालंय आणि ट्रेनिंगमध्ये पण हेच पहिलं शिकवतात, उलट कुणीतरी त्या गोष्टीचं नाव घेऊन विचारलं की माणसाचा श्वास सुटतो. घरात आपण "काही वेडंवाकडं करणार नाहीस ना" असं विचारतो, ते टाळा, कारण त्याचं उत्तर "नाही" असंच द्यावं लागतं.

उत्तर हो आलं तर घाबरू नका, आणि घाबरलात तरी तिथेच बसून राहा. ऐका. आपलं काम तेवढंच आहे, त्याचं कर्ज फेडायचं नाहीये की त्याचं लग्न जुळवायचं नाहीये.

काय बोलू नये याची मात्र यादी देतो, कारण चांगल्या मनाची माणसंच हे बोलतात. "आईबापाचा विचार कर", त्याने तो शंभर वेळा केलेला असतो आणि आपण त्यांच्यावर ओझं आहोत असंच त्याला वाटत असतं. "लोकांचे याहून मोठे प्रॉब्लेम असतात." "हे भ्याडपणाचं लक्षण आहे." "देवाने दिलेलं आयुष्य..." वगैरे प्रवचन. "सगळं ठीक होईल", तुम्हाला काय माहीत? त्यापेक्षा "खूप त्रास झालाय तुम्हाला", "मी आहे इथे, घाई नाही", "घरी कुणाशी बोलावंसं वाटतं?" एवढं पुरे. आणि कुणाला सांगू नका असं त्याने वचन मागितलं तर देऊ नका. म्हणा, तुझी चेष्टा होईल असं कुणाला सांगणार नाही, पण मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल.

पायरी ५: सोपवा, एकट्याने ओझं घेऊन बसू नका

त्याला एकटं सोडायचं नाही, आणि शेवटची गाडी तुमची सुटली तरी चालेल, हे आधीच मनाशी धरा. घरचं, मित्राचं, कुणाचं तरी नाव काढून घ्या आणि त्याच्याच फोनवरून, त्याला विचारून, कॉल लावा. आमच्या पोराने भांडुपच्या मावशीला फोन केला, ती बाई गाऊनवर ओढणी घेऊन रिक्षाने आली. तोपर्यंत आरपीएफचा एक जवान येऊन शेजारी उभा राहिला होता, त्याने एक शब्द वाकडा बोलला नाही. सगळीकडे असाच माणूस भेटेल असं नाही, दुसऱ्या एका वेळी एका वर्दीवाल्याने "नाटकं बंद कर" म्हणून सुरुवात केली होती आणि मला मध्ये पडावं लागलं. असं झालं तर शांतपणे म्हणा की साहेब, आजारी माणूस आहे, जरा बसून बोलू.

फोनवर १४४१६ लावून स्पीकरवर ठेवलं तरी चालतं. दुसऱ्या दिवसासाठी केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, हे त्याच्या नातेवाईकाच्या फोनमध्ये टाईप करून द्या. तोंडी सांगितलेलं त्या रात्री कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पोलीस केसची भीती दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे हे माहीत असू दे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. जुन्या आयपीसीतलं कलम ३०९, ज्याची सगळ्यांना धास्ती होती, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलंच नाही. तर "जेलमध्ये टाकतील" हे डोक्यातून काढा.

पायरी ६: रुळांवर उतरलेलाच दिसला तर

खाली उडी मारू नका. हिरो व्हायला जाऊन दोन जीव जायची वेळ येते, शिवाय बाजूच्या लाईनवर कुठून गाडी येईल याचा भरवसा नसतो. जोरात ओरडा, आसपासच्यांना नाव न माहीत असलं तरी बोट दाखवून कामं वाटा: "लाल शर्ट, तुम्ही स्टेशन मास्तरकडे पळा", "ताई, तुम्ही १३९ लावा". नुसतं "कुणीतरी जा रे" म्हटलं की कुणीच जात नाही. येणाऱ्या गाडीच्या मोटरमनला खूण करायची असेल तर कडेपासून मागे उभं राहून दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर धरायचे, रेल्वेत ही थांबण्याची खूण आहे. रात्री मोबाईलची टॉर्च जोरजोरात हलवा. आणि त्या माणसाशी बोलणं चालू ठेवा, वर बोलवत राहा, दरडावून नाही.

डब्यात दारात कुणी तसं वाटलं तर त्याला आत बोलवा, सीट द्या, तोच फालतू प्रश्न विचारा. साखळी विनाकारण ओढणं गुन्हा आहे, पण जीवाचा प्रश्न हे कारण आहे.

व्हिडिओ काढू नका. काढणारे दिसले तर हात जोडून थांबवा. ग्रुपवर आलेला फॉरवर्ड करू नका, कुठे, कसं, किती वाजता हे तपशील पसरवू नका, कारण त्याच मनस्थितीतला दुसरा कुणीतरी तो ग्रुप वाचत असतो. "आज परत एकाने गाड्या लेट केल्या" हे वाक्य पण, मी स्वतः टाकलंय पूर्वी, त्यामुळे कुणाला शिकवायचा अधिकार नाही, पण आता टाकत नाही.

"आज वाचवलं, उद्या दुसरीकडे जाईल"

हे प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच म्हणून लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ज्यांना अडवून परत आणलं अशा ५१५ लोकांचं पुढे काय झालं हे रिचर्ड सायडेन नावाच्या संशोधकाने शोधून काढलं, अभ्यास १९७८ चा. त्यातले जवळपास ९४ टक्के एकतर तेव्हाही जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. ती वेळ असते, ती टळली की बहुतेकांची टळते. म्हणून तर मेट्रो ३ ला, आरे ते कफ परेड, फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत, गाडी थांबल्यावरच उघडतात. लोकलला ते बसवणं अवघड, साध्या लोकलचे दरवाजे उघडेच, एसी लोकलचे वेगळे, आणि कित्येक फलाटांवर मेल-एक्सप्रेस पण येतात. तोपर्यंत काचेच्या जागी आपणच आहोत.

पायरी ७: तुम्ही घरी पोचल्यावर

हात थरथरतील, झोप लागणार नाही. मी त्या रात्री डोंबिवलीला उतरून घरी न जाता पुलाखाली अर्धा तास बसून होतो, बायकोचे सहा मिस्ड कॉल. घरी सांगा, ग्रुपमध्ये एखाद्याला सांगा. आणि कधीकधी आपण पोचायच्या आधी व्हायचं ते होऊन जातं, तेव्हा "मी विचारलं असतं तर" हे डोकं खातं. मोटरमन लोकांना हे कितीतरी पटीने सोसावं लागतं, ब्रेक मारूनही हातात काही नसतं. अशा वेळी १४४१६ तुमच्यासाठी पण आहे, बघणाऱ्यासाठी, वाचलेल्यासाठी, सगळ्यांसाठी.

तो पोरगा नंतर कधी भेटला नाही, नाव पण अर्धंच माहीत आहे. स्टॉलवाला भेटतो, अजून तिथेच आहे, चहा आता पंधराला झालाय. उद्या सकाळी गाडी पकडायच्या आधी तुमच्या स्टेशनवर एक फेरी मारा आणि स्टेशन मास्तरचं ऑफिस कुठल्या फलाटावर आहे ते बघून ठेवा, आमचं इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं आणि मला त्या रात्री विचारावं लागलं.